युक्तीत काम कोण करतं?

चांदीचं काळवंडलेलं निरांजन, ॲल्युमिनियमची फॉइल, खायचा सोडा आणि उकळतं पाणी. अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत एवढंच दिसतं. निरांजन पाण्यात बुडतं, थोडी फसफस होते आणि लखलखीत होऊन वर येतं. गौरी-गणपती जवळ आले की असे व्हिडिओ घरोघरच्या ग्रुपवर फिरू लागतात आणि पाहणारा ‘नंतर करून बघू’ म्हणत ते सेव्ह करतो. त्याच यादीत खाली कुकरमधला केक असतो, त्याखाली कागदी आकाशकंदील, त्याखाली तुंबलेल्या सिंकमध्ये ओतायचं एखादं मिश्रण. यादी वाढत जाते. करून बघायला बसलं की कळतं, व्हिडिओत निकाल आहे, पण कृती अर्धीच आहे. सोडा किती, पाणी किती गरम, भांडं कशाचं, वेळ किती आणि हे कुठल्या वस्तूवर मुळीच करायचं नाही, हा सगळा भाग कात्रीखाली गेलेला असतो.

कापलेला भाग बऱ्याचदा घरबसल्या भरून काढता येतो. त्यासाठी साहित्य जमवण्याआधी एक प्रश्न विचारायचा: या युक्तीत प्रत्यक्ष काम कोण करतं? आम्ल, क्षार, उष्णता, हवा, चिकटपणा, वजन, यांपैकी काहीतरी एक किंवा दोन गोष्टी काम करत असतात आणि बाकीचं सामान हाताशी होतं म्हणून आलेलं असतं. काम करणारा सापडला की काय बदलता येईल, काय बदलता येणार नाही आणि धोका कुठे आहे, हे बरंचसं उलगडतं. सफाईची, स्वयंपाकाची आणि मुलांबरोबर करायची अशी एकेक युक्ती घेऊन हे सावकाश पाहू.

चांदी आणि फॉइल

चांदीवरचा काळा थर म्हणजे मळ नव्हे. हवेत अगदी थोड्या प्रमाणात गंधकाचे वायू असतात. त्यांच्याशी संयोग होऊन चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर बसतो. चांदीच्या चमच्याने अंडं खाल्लं की तो लवकर काळा पडतो, कारण अंड्यात गंधक असतं. टूथपावडरने किंवा राखेने घासताना हा थर आपण खरवडून काढतो आणि थरात अडकलेली चांदीही त्याच्याबरोबर जाते. पिढ्यान् पिढ्या घासलेल्या करंड्यावरची नक्षी बोथट होते ती अशी.

फॉइलच्या युक्तीत घासणं नाहीच. ॲल्युमिनियम हा धातू इलेक्ट्रॉन सोडायला चांदीपेक्षा कितीतरी तयार असतो. दोन्ही धातू एकमेकांना टेकलेले असले आणि भोवती क्षार विरघळलेलं गरम पाणी असलं की तिथे एक छोटा विद्युतघट तयार होतो. ॲल्युमिनियमकडून आलेले इलेक्ट्रॉन सल्फाइडमधल्या चांदीला पुन्हा धातूचं रूप देतात आणि गंधक तिला सोडून जातं. चांदी जागच्या जागी परत मिळते. करताना कुजलेल्या अंड्यासारखा थोडा वास आला तर तो त्या सुटलेल्या गंधकाचा. सोड्याचं काम दुय्यम आहे. ॲल्युमिनियमवर कायम असणारा ऑक्साइडचा पापुद्रा तो दूर करतो. चिमूटभर मीठ पाण्यातून वीज वाहायला मदत करतं आणि उष्णता या सगळ्याला वेग देते.

एवढं कळल्यावर व्हिडिओत न सांगितलेली कृती आपल्यालाच लिहिता येते. काचेच्या किंवा चिनी मातीच्या जाड वाडग्यात तळाला फॉइल पसरा. चांदीची वस्तू तिच्यावर टेकेल अशी ठेवा. अधांतरी तरंगली तर काही होणार नाही, कारण विद्युतघट जुळतच नाही. लिटरभर पाण्याला एक मोठा चमचा खायचा सोडा आणि तितकंच मीठ पुरतं. पाणी नुकतं उकळलेलं हवं. कोमट पाण्यात काम होतं, पण रेंगाळत. दोन ते पाच मिनिटांत फरक दिसतो. थर जाड असेल तर नवी फॉइल आणि नवं गरम पाणी घेऊन पुन्हा करायचं. शेवटी साध्या पाण्याने धुऊन लगेच कोरडं पुसायचं. खिडकी उघडी ठेवलेली बरी.

फॉइल नाही म्हणून जुन्या जर्मनच्या पातेल्यातच हे केलं तर? काम होईल, कारण ते पातेलंही ॲल्युमिनियमचंच आहे. पण फॉइलवर जे बेततं ते मग पातेल्यावर बेतेल. ते काळपट आणि खडबडीत होईल.

ही युक्ती कुठे करायची नाही, हेही त्याच उत्तरातून निघतं. ‘ऑक्सिडाइज्ड’ म्हणून विकत घेतलेल्या दागिन्यांची नक्षी मुद्दाम काळी केलेली असते. ती निघून जाईल. मोती, चिकटवलेले खडे आणि आत लाख भरलेले मणी यांना उकळतं पाणी सोसत नाही. जर्मन सिल्व्हरच्या ताटावर काहीच परिणाम दिसणार नाही, कारण त्यात तांबं, जस्त आणि निकेल असतं, चांदी नसतेच. तांब्याच्या ताम्हनावरचा काळपटपणा मुख्यतः ऑक्साइडचा असतो आणि तो आम्लात विरघळतो. म्हणून त्याला चिंच, लिंबू किंवा आमसूल लागतं आणि ते पुरतं. पहिल्यांदा करताना देव्हाऱ्यातली मूर्ती घेऊ नका. एखादा चमचा घ्या, दुसऱ्या दिवशी उजेडात बघा, मग पुढे जा.

फसफसणारी जोडी

आता त्याच प्रश्नाला न टिकणारी युक्ती घेऊ. सोडा टाकायचा, वर व्हिनेगर ओतायचं, भरपूर फेस येतो आणि सिंक, ओटा, टाइल्स, काहीही स्वच्छ होतं, असं दाखवतात. काम कोण करतंय? सोडा क्षारधर्मी आहे, व्हिनेगर आम्ल आहे. दोघं भेटले की एकमेकांना निष्प्रभ करतात. फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड. फेस ओसरल्यावर पाण्यात उरतं ते सोडियम ॲसिटेट, आणि सफाईच्या कामी त्याचा फारसा उपयोग नाही. एक मोठा चमचा सोडा पुरता संपवायला ५ टक्के आम्लाचं व्हिनेगर दोनशे मिलीलिटरच्या आसपास लागतं. प्रमाण कमीजास्त असेल तर दोहोंपैकी एक थोडं शिल्लक राहतं आणि सफाई झालीच तर ती त्या शिल्लक भागाने होते. बुडबुड्यांनी थोडा कचरा हलतो, इतकंच.

वेगवेगळे वापरले तर मात्र दोन्ही कामाचे आहेत. बोअरच्या जड पाण्याने नळावर बसलेला पांढरा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. व्हिनेगरमध्ये भिजवलेला कपडा त्यावर अर्धा तास गुंडाळून ठेवला की तो सुटतो. गॅसच्या शेगडीवरच्या तेलकट डागाला आम्लाचा उपयोग नाही. तिथे गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि हलकं घासायला ओला सोडा. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करायचंच असेल तर मुलांच्या मातीच्या ज्वालामुखीत करा. फेस हाच तिथला निकाल आहे.

या ठिकाणी आपल्या घरांची एक अडचण आहे, जी बाहेरच्या व्हिडिओत कधी येत नाही. व्हिनेगरने पुसलेला तिथला ओटा बहुधा ग्रॅनाइटचा किंवा पत्र्याचा असतो. आपल्याकडच्या जुन्या घरांत ओटा कडाप्प्याचा आणि जमीन शहाबादी फरशीची असते. हे दोन्ही दगड चुनखडीचे आहेत आणि संगमरवरही रासायनिक दृष्टीने त्यांचाच भाऊबंद. नळावरचा पांढरा थर जसा आम्लात विरघळतो, तसाच हा दगडही विरघळतो. काळ्या कडाप्प्यावर लिंबाची फोड रात्रभर राहिली तर सकाळी तिथे पांढुरका, निस्तेज डाग दिसतो. तो डाग पुसून जात नाही, कारण तिथे वरून काही सांडून चिकटलेलं नसतं. दगडाचाच पृष्ठभाग खाल्ला गेलेला असतो. दगड ओळखायला सिलिंडरच्या मागच्या कोपऱ्यात व्हिनेगरचा एक थेंब टाका. बारीक बुडबुडे आले किंवा पुसल्यावर तेवढीच चकाकी गेलेली दिसली तर आम्लाच्या सगळ्या युक्त्या त्या ओट्यासाठी बाद.

एक प्रयोग मात्र थोड्यावरही करायचा नाही. ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड एकत्र आलं की क्लोरिन वायू सुटतो. ब्लीच आणि अमोनिया असलेलं काचेचं क्लीनर एकत्र आलं तरी विषारी वायू तयार होतात. बंद बाथरूममध्ये हे जिवावर बेतू शकतं. ‘दोन्ही मिसळल्यावर दुप्पट ताकद’ असं कुठे दिसलं तर ती युक्ती तिथेच पुसून टाकावी. सफाईची बाजारी रसायनं एकमेकांत मिसळायची नाहीत, एवढा एक नियम पाळला तरी पुरे.

कुकरमधला केक

ओव्हन नसलेल्या घरात केक करायची ही युक्ती खूप सेव्ह होते. कुकरमध्ये मिठाचा थर, त्यावर जाळी, जाळीवर केकचं भांडं. झाकणाची रिंग आणि शिटी काढलेली. नवख्याला प्रश्न पडतो की मीठ कशाला, शिटी का नाही आणि पाणी का नाही.

केक भाजायला १७० ते १८० अंश सेल्सियसची कोरडी उष्णता लागते. वाफेचं तापमान उघड्या भांड्यात १०० अंशांच्या आसपास आणि शिटी लावलेल्या कुकरमध्ये १२० अंशांच्या आसपास राहतं. खरपूस तांबूस रंग आणि भाजल्याचा वास यायला साधारण १४० अंशांच्या वर जावं लागतं. म्हणून पाणी घालून वाफवलेला केक ढोकळ्यासारखा किंवा सांदणासारखा मऊ आणि फिका होतो. पाणी, रिंग आणि शिटी काढली की वाफ कोंडत नाही, आतली हवा कोरडी तापते आणि कुकर ही एक छोटी भट्टी बनते. इथे काम करते ती झाकलेली गरम हवा. मीठ फक्त बुडाची उष्णता सारखी पसरवतं आणि केकच्या भांड्याला थेट चटका बसू देत नाही. मिठाऐवजी वाळू चालते. नुसती उंच जाळीही बऱ्याचदा पुरते.

काम गरम हवा करते आहे म्हटल्यावर कुकरच हवा असं काही उरत नाही. उलट तो न वापरलेला बरा. कुकर कोरडा तापवू नये असं त्याच्याबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, कारण त्याचा सुरक्षा-व्हॉल्व्ह अति उष्णतेने वितळण्यासाठीच बनवलेला असतो आणि रबरी भागही खराब होतात. जाड बुडाची, घट्ट झाकणाची कढई किंवा मोठं पातेलं तेच काम करतं. मंद आचेवर दहा मिनिटं रिकामं तापवून घ्या, मग केकचं भांडं आत ठेवा. सहा-सात इंची केकला पाऊण तासाच्या आसपास लागतो. पहिला अर्धा तास झाकण उघडू नका. गरम हवा बाहेर गेली की अजून न जमलेला केक मध्ये खचतो. मग मधोमध सुरी खुपसून बघा. कोरडी निघाली की झालं.

केक वरून पांढराच राहतो, ही या युक्तीबद्दलची नेहमीची तक्रार. कारण उष्णता फक्त खालून आहे. हे कोडं कोकणात आणि गोव्यात फार आधी सोडवलेलं आहे. काकडीचं धोंडस किंवा तवसाळं चुलीवर करताना पातेल्याच्या झाकणावरही निखारे ठेवत. गोव्याच्या बेबिंकाचा एकेक थर वरच्या आचेवर भाजत, म्हणून प्रत्येक थराला वेगळी तांबूस रेघ मिळते. गॅसवर झाकणावर निखारे ठेवता येत नाहीत, तेव्हा तयार केक काढून तापलेल्या तव्यावर मिनिटभर उपडा घालायचा, नाही तर वरची बाजू खाली करून वाढायचा.

दुसरा काम करणारा म्हणजे केक फुगवणारा वायू. खायचा सोडा एकटा पुरत नाही, त्याला आम्ल लागतं. बिनअंड्याच्या केकमध्ये ते दह्यातून किंवा ताकातून येतं. दोघं भेटले की बुडबुडे लगेच सुरू होतात. म्हणून कढई आधी तापवायची, भांड्याला तूप आधी लावायचं आणि सोडा सगळ्यात शेवटी घालून मिश्रण ताबडतोब आत ठेवायचं. इनो याच तत्त्वावर चालतं. त्यात सोडा आणि सायट्रिक आम्ल दोन्ही असतात, म्हणून ओलं होताच ते फुलतं आणि थांबायला वेळ देत नाही. बेकिंग पावडरमध्ये सोडा, कोरडं आम्ल आणि स्टार्च असतो. तिच्यातला काही वायू ओलं होताच आणि काही तापल्यावर सुटतो, त्यामुळे ती थोडी उसंत देते. पावडरच्या जागी तितकाच सोडा घालू नका. सोडा सुमारे तिप्पट जोरकस असतो आणि जास्त झाला की केकला साबणासारखी चव आणि पिवळट रंग येतो. एक छोटा चमचा पावडरीऐवजी पाव चमचा सोडा आणि अर्धा कप दही घेता येतं. तितकं दूध किंवा पाणी मग कमी करायचं.

कप, वाटी आणि चमचा

परदेशी कृती घरात उतरत नाही तेव्हा दोष बऱ्याचदा मापाचा असतो. अमेरिकी कप २३७ मिलीलिटरचा, मेट्रिक कप २५० मिलीलिटरचा. भाताच्या जपानी कुकरबरोबर येणारा कप १८० मिलीलिटरचा. मोठा चमचा सहसा १५ मिलीलिटरचा, पण ऑस्ट्रेलियातला २० चा. ओव्हनचे ३५० अंश लिहिले असतील तर ते फॅरनहाइट आहेत. आपले सुमारे १७७.

मग आपली वाटी चालेल का? ‘रुचिरा’ या १९७० सालच्या पुस्तकात कमलाबाई ओगले यांनी वाटी आणि चमच्याचं माप वापरलं आणि ते लाखो स्वयंपाकघरांत चाललं. वाटीच्या मापात कृती प्रमाणांवर उभी असते. एक वाटी रवा, दीड वाटी पाणी, पाऊण वाटी साखर. वाटी कोणतीही असली तरी एकच वापरली की प्रमाण तेच राहतं. शिरा, वड्या, उकड यांना एवढं पुरतं. गडबड होते ती वाटी आणि चमचा एकत्र आले की. मैदा लहान वाटीने मोजला आणि सोडा मात्र बाजारी मापाच्या चमच्याने, तर सोड्याचं प्रमाण गुपचूप वाढतं. परदेशी कृती वाटीने करायची असेल तर वाटीत पाणी भरून ते मापाच्या भांड्यात ओतून बघा आणि किती मिलीलिटर भरलं ते लिहून ठेवा. मग चमचेही त्याच हिशोबाने कमी करायचे.

केकसाठी सरळ वजनकाटा घेणं सगळ्यात सोपं. चाळून हलक्या हाताने भरलेल्या अमेरिकी कपात मैदा साधारण १२० ते १२५ ग्रॅम बसतो. तोच कप डब्यात खुपसून दाबून भरला तर दीडशेच्या घरात जातो. व्हिडिओतला मऊ केक आपल्याकडे विटेसारखा होतो तो अनेकदा या पंचवीस-तीस ग्रॅमांमुळे.

जिन्नस एकसारखे दिसले तरी काम वेगळं करतात. चौकोनी पाकिटातल्या भारतीय फ्रेश क्रीममध्ये स्निग्धांश साधारण २५ टक्के असतो. फेटल्यावर हवा धरून उभं राहायला क्रीममध्ये तो तीस टक्क्यांच्या वर लागतो, कारण हवेच्या बुडबुड्यांभोवती स्निग्धाचे कण एकमेकांना चिकटूनच भिंत उभी राहते. पाकिटातलं क्रीम तासभर फेटलं तरी ते पातळच राहील. तिथे फेटण्याचं क्रीम आणा, नाही तर सजावटीचा बेत बदला.

भेट द्यायच्या सुंदर बरण्यांबद्दलही सावध राहायला हवं. कच्च्या लसणाच्या पाकळ्या तेलात बुडवून शेल्फवर ठेवलेली बरणी फार देखणी दिसते. आपण म्हणतो, लोणचंही तेलात टिकतंच की. लोणचं टिकवण्याचं मुख्य काम मीठ आणि आंबटपणा करतात. तेल वरून हवा अडवतं. लसणाच्या त्या बरणीत मीठ नाही, आम्ल नाही आणि हवा मात्र अडवलेली आहे. बोट्युलिझमचं विष तयार करणाऱ्या जिवाणूला नेमकं हेच वातावरण मानवतं आणि त्या विषाला वास किंवा चव असेलच असं नाही. असं तेल थोडंच करावं, फ्रिजमध्ये ठेवावं आणि तीन-चार दिवसांत संपवावं.

मुलांबरोबर कंदील

हस्तकलेच्या व्हिडिओत कात्रीखाली जातो तो प्रामुख्याने वेळ, आणि त्याबरोबर मोठ्यांचे हात. तयार कंदील झळकतो; खळ वाळायला लागलेली रात्र दिसत नाही. म्हणून आकाशकंदील करायचा तर आधी त्यात उभं राहण्याचं काम कोण करतं, चिकटण्याचं कोण आणि उजळण्याचं कोण, हे वेगळं करून घ्या.

उभं राहतात बांबूच्या कामट्या. पेर असलेली कामटी पेरापाशी मोडते, तेव्हा पेर टोकाला येईल अशी कापून घ्यायची. दोऱ्याने बांधलेला चौकोन कितीही घट्ट बांधला तरी कोपऱ्यात दबून तिरका होतो. त्रिकोण होत नाही, कारण तीन बाजूंची लांबी ठरली की त्याचे कोन बदलूच शकत नाहीत. चौकोनात एक तिरपी बारीक कामटी बांधली की त्याचे दोन त्रिकोण होतात आणि सांगाडा ताठ उभा राहतो. मुलांना हे सांगण्याआधी तिरपी कामटी नसलेला चौकोन हातात देऊन हलवायला सांगा. बाकीचं ती स्वतःच शोधतात.

चिकटवते खळ. मैदा थंड पाण्यात कालवून कच्चाच लावला तर तो वाळून पापुद्र्यासारखा सुटतो. तापवल्यावर साधारण ६० ते ७० अंशांना पिठातले स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि मग कागदाच्या तंतूंना धरतात. एका वाटी मैद्याला पाच वाट्या पाणी घ्या, आधी थोड्या थंड पाण्यात गुठळ्या मोडा, मग मंद आचेवर सतत ढवळत शिजवा. पांढरेपणा जाऊन खळ अर्धपारदर्शक झाली की उतरवा. कीड लागू नये म्हणून पूर्वी बुकबाइंडर खळीत मोरचूद घालत. मोरचूद विषारी आहे. मुलांच्या खळीत तो नको. खळ त्याच दिवशी वापरा, उरलेली फेकून द्या. पतंगाच्या कागदाला ती अगदी पातळ लावायची. ओला कागद थोडा सैल होतो आणि वाळताना पुन्हा ताणला जातो, त्यामुळे चिकटवताना दिसलेल्या हलक्या सुरकुत्या रात्रीत जातात. खळ जाड लागली तर मात्र त्या कायमच्या राहतात.

उजळतो दिवा, आणि धोका इथे आहे. कागदी दिव्यांच्या बाहेरच्या अनेक कल्पना मेणबत्ती गृहीत धरतात. जुना ६० वॅटचा बल्बही बंद कागदात तापून कागद करपवू शकतो. त्याच्याइतकाच उजेड देणारा एलईडी बल्ब साधारण ९ वॅटचा असतो आणि तो फार कमी तापतो. तो लावला तरी बल्ब कागदाला टेकू नये आणि वरची बाजू उघडी असावी. वायरीचं आणि होल्डरचं काम मोठ्यांनी करायचं. ऑक्टोबरात परतीचा पाऊस येतो तिथे कंदील गॅलरीच्या आतल्या बाजूला लावलेला बरा. मैद्याची खळ पाण्यात पुन्हा सुटते.

कामं वयाप्रमाणे आधीच वाटून ठेवली तर कुणी नुसतं बघत बसत नाही. चार-पाच वर्षांच्या मुलाने झिरमिळ्या फाडाव्यात. कात्रीची गरज नाही आणि फाटलेली कड उजेडात छानच दिसते. आठ-दहा वर्षांच्या मुलांनी मोजून कागद कापावा, खळ लावावी आणि दोरे बांधावेत. कामट्या तासणं आणि सुरी मोठ्यांकडे. एका बैठकीत सगळं उरकायचा हट्ट नको. पहिल्या दिवशी सांगाडा, दुसऱ्या दिवशी कागद, तिसऱ्या दिवशी झिरमिळ्या आणि दिवा, असं केलं की वाळायला वेळ मिळतो आणि मुलांचा उत्साहही शेवटपर्यंत पुरतो.

मातीच्या किल्ल्याच्या वेळी हाच हिशोब कामाला येतो. अळीव दोन-तीन दिवसांत उगवतो आणि भिजल्यावर त्याच्या बियांभोवती चिकट गोंद सुटतो. म्हणून तो किल्ल्याच्या उतारावरही घसरत नाही. हिरवळ धनत्रयोदशीला हवी असेल तर वसुबारसेच्या आधीच पेरायला हवा.

चांगली युक्ती ओळखायची कशी

काम करणारा, त्याचं प्रमाण, वेळ आणि नंतर काय करायचं, हे चारही सांगणारी युक्ती विश्वासाची. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची, म्हणजे एनसीएलची, प्लास्टर ऑफ पॅरिसच्या गणेशमूर्ती घरी विरघळवण्याची पद्धत हा तिचा नमुना आहे. काम करतं अमोनियम बायकार्बोनेट; खायचा सोडा नव्हे. प्रमाण जवळजवळ मूर्तीच्या वजनाइतकं आणि वेळ एक-दोन दिवसांचा, अधूनमधून ढवळत. मूर्तीतल्या कॅल्शियम सल्फेटचं कॅल्शियम कार्बोनेट होऊन ते तळाशी बसतं आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट उरतं. ते खत आहे. भरपूर पाणी घालून झाडांना देता येतं. याच पद्धतीचा कुणी ‘सोडा टाका, मूर्ती विरघळते’ एवढा संक्षेप केला, की काम करणाराच गळून पडतो आणि बादलीत मूर्ती तशीच उभी राहते.

म्हणून सेव्ह केलेल्या युक्तीखाली स्वतःच्या चार ओळी लिहायची सवय लावा. मोबाइलमध्ये लिहा किंवा स्वयंपाकघरातल्या वहीत. चांदीच्या युक्तीखाली त्या अशा असतील:

काम करतं: फॉइलमधलं ॲल्युमिनियम, वस्तू टेकलेली हवी.
प्रमाण आणि वेळ: लिटरभर उकळतं पाणी, एक मोठा चमचा सोडा, तितकंच मीठ, पाच मिनिटं.
आपल्याकडे बदल: काचेचा वाडगा, जर्मनचं पातेलं नको.
करायचं नाही: मोती, लाख, ऑक्सिडाइज्ड.

या चार ओळी लिहिता आल्या तर व्हिडिओ पुन्हा बघायची गरज पडत नाही. आणि दोनदा बघूनही पहिलीच ओळ लिहिता आली नाही, कोण काम करतं ते सापडलंच नाही, तर ती युक्ती यादीतून काढून टाका. यादी निम्मी होईल आणि उरलेल्या युक्त्या खरोखर करून पाहिल्या जातील.